राउटरचा मालक

६ जानेवारी

नेहा मॅडम म्हणाल्या, जे घडतं ते तारखेसकट लिहून ठेवा, पुढे कोर्टात उपयोगी पडतं. त्या वकील आहेत, संजनासाठी आम्ही गाठलेल्या. खरं तर लिहायचं संजनाने. पण ती पेन हातात घेते आणि खिडकीबाहेर बघत बसते. म्हणून मी लिहितेय. मी पंचशीला, तिची मोठी बहीण.

शुक्रवारी संध्याकाळी ती ठाण्याहून रिक्षा करून आमच्याकडे मीरा रोडला आली. हातात एक बॅग. डाव्या मनगटावर बोटांचे निळे वळ. तिचा नवरा निहार बँकेत कामाला आहे. बोलायला इतका गोड की आमची आई जालन्याला अजून सगळ्यांना जावयाचं कौतुक सांगते. संजना लॅब टेक्निशियन. लग्नानंतर त्याने आधी तिची नोकरी सोडवली, मग एकेक मैत्रीण तोडली. तिच्या फोनचा रिचार्जही तोच करायचा, मनात आलं तर. म्हणून आल्या आल्या तिने आमचा वायफाय घेतला.

भाजी फोडणीला टाकली नाही तोच तिच्या फोनवर त्याचा मेसेज आला. ‘पोचलीस ना ताईकडे? जेवून घे.’

तिच्या हातातला चहा बशीत सांडला. मी म्हटलं, “अगं, बहिणीकडे नाही तर कुठे जाणार तू? अंदाज लावला त्याने.”

“ताई, मी शेजारणीला मुद्दाम सांगून निघाले होते, पुण्याला मैत्रिणीकडे चाललेय म्हणून. तो तिलाच आधी विचारणार, हे मला माहीत होतं.”

मी पोळ्या करायला घेतल्या.

९ जानेवारी

आज ती पहिल्यांदा खाली उतरली, मेडिकलमधून गोळ्या आणायला. पाच मिनिटांचं काम. परत आली ती धापा टाकत, जिन्याने. समोरच्या बसस्टॉपवर निहार बसला होता म्हणे. काही बोलला नाही, हात हलवला फक्त.

मी गॅलरीतून बघितलं तर स्टॉप रिकामा. मला क्षणभर वाटलं, हिला भास होत असतील. हे मी तिला बोलले नाही. इथे लिहितेय कारण खरं तेच लिहायचं ठरवलंय.

दुपारी तिच्या फोनवरचं नेट गेलं. माझ्या लॅपटॉपवर चालू होतं. मी घरूनच एका विमा कंपनीचे क्लेम तपासते, नेट गेलं की मला लगेच कळतं. म्हटलं, तुझा फोनच जुना झालाय.

१२ जानेवारी

नेहा मॅडमना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, फोनमध्ये त्याने काहीतरी टाकून ठेवलं असेल, पाळतीचं. तो फोन बंद करा, दुसरा वापरा. लोकेशने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, स्टेशनजवळच्या दुकानातून नवाच फोन आणला, सिमही नवं. नंबर आम्हा दोघांशिवाय आणि नेहा मॅडमशिवाय कुणालाच दिला नाही. संजनाला किती दिवसांनी हसताना पाहिलं. फोन चालू केला, वायफाय जोडला, मराठी कीबोर्ड टाकून घेतला.

संध्याकाळी मेसेज आला, या वेळी माझ्या फोनवर. निहारचा. ‘ताई, संजनाने नवीन फोन घेतला वाटतं. बरं झालं. जुना फार हँग व्हायचा.’

मी तो मेसेज तिला दाखवावा की नाही याचा विचार करत स्वयंपाकघरात उभी राहिले. शेवटी दाखवला. ती पलंगावर बसली आणि नवा फोन उशीखाली सरकवून दिला, जसं काही तो बघतोय.

१४ जानेवारी

आज संक्रांत, आणि आज मी हेमाबेनशी वाईट वागले.

हेमाबेन आमच्या शेजारी राहतात. लॉकडाऊनमध्ये त्यांच्या मुलीच्या परीक्षेसाठी आम्ही त्यांना वायफायचा पासवर्ड दिला होता, मधे राउटर बदलला तरी तो अजून तसाच चालू होता. काल माझ्या ऑफिसातली एक जण म्हणाली, वायफायचा पासवर्ड बाहेरच्याला दिला की घरात कोण काय करतं ते त्याला बघता येतं. झालं, माझ्या डोक्यात तेच. निहार हेमाबेनना ओळखतो. आमच्याकडे यायचा तेव्हा त्यांच्याशी तासन्‌तास गप्पा मारायचा, त्यांचा टीव्ही लावून दिला होता त्याने.

त्या चिक्की घेऊन आल्या तर मी दारातच विचारलं, “निहार का फोन आता है क्या आपको?”

त्या बघतच राहिल्या. “मेरेको क्यों आएगा?”

“हमारे घर की बात बाहर जाती है, इसलिए पूछा.”

त्यांनी चिक्कीचा डबा चपलांच्या कपाटावर ठेवला आणि गेल्या. 

रात्रीच्या जेवणाआधी लोकेशला सांगून वायफायचा पासवर्ड बदलून घेतला. राउटरचं ॲप त्याच्याच फोनमध्ये आहे. दोन वर्षांपूर्वी हा राउटर बसवला तेव्हा निहारनेच टाकून दिलं होतं. घरातल्या सगळ्यांचे फोन, टीव्ही, असलं काहीही असलं की आम्ही निहारलाच बोलवायचो. लोकेशने एका मिनिटात पासवर्ड बदलला. आता बाहेरचं कुणी आत येणार नाही. बरं वाटलं.

१६ जानेवारी

सकाळी पुन्हा माझ्या फोनवर निहारचा मेसेज. ‘नवीन पासवर्ड सोपा ठेवलाय तुम्ही. जयभीम आणि जन्मसाल. ताईलाच सुचलं असणार.’

मी लॅपटॉपसमोर बसले होते, तो मिटून टाकला. पासवर्ड हेमाबेनना माहीत नाही. आईला माहीत नाही. तो मला, संजनाला आणि लोकेशला माहीत आहे.

लोकेशला.

तो आंघोळीला गेला तेव्हा मी त्याचा फोन बघितला. लाज वाटली, पण बघितला. निहारचा कॉल होता, मागच्या शनिवारचा. तीन मिनिटं बोलले होते दोघं.

लोकेश बाहेर आला, डोकं पुसत. मी फोन त्याच्यासमोर धरला. “हे काय?”

“त्याचा फोन आला होता. ‘संजना कशी आहे’ म्हणाला. मी म्हटलं, ती इथे नाही.”

“तीन मिनिटं हेच बोलत होतास?”

“तो रडत होता, पंचू. काय करू, कट करू? मी ऐकून घेतलं. तुला सांगितलं असतं तर तू हाच तमाशा केला असता.” मग तो थांबला. “तू माझा फोन का बघितलास?”

“त्यात काही नसेल तर बघितलेला चालेल ना?”

तो डबा न घेताच कामावर गेला.

१७ जानेवारी

लोकेश बोलत नाही. मीही नाही. संजनाला वाटतंय सगळं तिच्यामुळे. ती दिवसभर आतल्या खोलीत असते, दार लावून. झोपते बहुतेक.

२० जानेवारी

संजनाने गुपचूप एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये अर्ज केला होता. इथे जवळच, गोल्डन नेस्टला. आज मुलाखत होती. मलाही सांगितलं नव्हतं, सकाळी साडी नेसून उभी राहिली तेव्हा कळलं. मला आधी रागच आला, पण मी तिच्या निऱ्या नीट केल्या आणि रिक्षात बसवलं.

तासाभरात परत. मुलाखत झालीच नाही. आत गेली तर रिसेप्शनवरची मुलगी तिच्याकडे बघून उठून उभी राहिली आणि कुणाला तरी बोलावून आली. मॅनेजर आल्या. म्हणाल्या, “मॅडम, तुमच्या मिस्टरांचा फोन आला होता. तुमची ट्रीटमेंट चालू आहे म्हणाले. डोक्याची. मग स्वतः येऊन, जुन्या लॅबमध्ये तुमच्या हातून सॅम्पलची अदलाबदल झाली होती, हेही सांगून गेले.” अशी कुठली अदलाबदल झालीच नव्हती. संजनाने तसं सांगितलं. मॅनेजर म्हणाल्या, “असेल. पण आम्हाला रिस्क नको.”

ती मला हे अगदी सपाट आवाजात सांगत होती, जसा कुणाचा तरी रिपोर्ट वाचावा. मग म्हणाली, “ताई, मी या लॅबचं नाव कुणालाही सांगितलं नाही. तुलाही नाही. दाजींनाही नाही. मी फक्त त्यांची साइट उघडली. या घरात बसून. या वायफायवर.”

आम्ही दोघींनी एकदमच टीव्हीच्या वर ठेवलेल्या त्या पांढऱ्या डब्याकडे बघितलं. त्याचा हिरवा दिवा लुकलुकत होता.

२१ जानेवारी

लोकेश कामावरून आल्यावर संजनाने त्याचा फोन मागितला. स्वतः मागितला, मला मध्ये पडू दिलं नाही. “दाजी, ते राउटरचं ॲप बघू का?”

ॲपमध्ये वर आमच्या वायफायचं नाव आणि पासवर्ड. त्याखाली जोडलेल्या सगळ्या वस्तूंची नावं: माझा लॅपटॉप, टीव्ही, लोकेशचा फोन, संजनाचा नवा फोन. प्रत्येकापुढे कधी आला, कधी गेला. एका ठिकाणी कोणती साइट उघडली त्याचा इतिहास ठेवायची सोय. ती चालू होती. एका ठिकाणी ‘नवीन उपकरण जोडलं की कळवा’. तीही चालू. प्रत्येक नावापुढे एक बटण, ते दाबलं की तेवढ्याच फोनचं नेट बंद.

आणि ‘सदस्य’ म्हणून जिथे लिहिलं होतं तिथे लोकेशचं नाव. त्याच्यावर ‘मालक’. मालकाच्या जागी निहारचा ईमेल, आणि मोबाइल नंबरचे शेवटचे आकडे.

लोकेशने ते पान वर सरकवलं, पुन्हा खाली आणलं. “मी तर आपला मेंबर आहे,” एवढंच म्हणाला.

दोन वर्षं. संजना त्याच्या घरात होती तेव्हाही तो आमच्या घरात बघत होता का? सणावारी ती इथे राहायला यायची तेव्हा? मी एकदा फोनवरून डॉक्टर शोधले होते, स्वतःसाठी, कुणाला न सांगता. तेही गेलं असेल त्याच्याकडे.

मी उठले आणि राउटरची वायर ओढायला गेले. संजनाने माझा हात धरला. “थांब. हात लावू नकोस.”

“वेडी झालीस? अजून बघू द्यायचं त्याला?”

“काढलंस तर त्याला कळेल आपल्याला कळलंय ते. आणि पुरावा पण जाईल. आधी फोटो.” तिने एकेका पानाचे फोटो काढले. हात स्थिर होता. लॅबमध्ये अशीच काम करत असणार.

मी लोकेशला म्हटलं, “सॉरी.” तो म्हणाला, “जाऊ दे.” पण अजून जाऊ दिलेलं नाही त्याने, मला कळतं.

२३ जानेवारी

काल नेहा मॅडमकडे गेलो. फोन घरी ठेवून.

संजनाची डिप्लोमाची मूळ प्रमाणपत्रं ठाण्याच्या घरात आहेत. ती नसतील तर कुठेच नोकरी नाही. निहारला सुगावा लागला तर तो ती आधी जाळेल, असं ती म्हणते. नेहा मॅडमनी महिलांसाठीच्या संरक्षण अधिकाऱ्यांशी बोलून ठरवलं: उद्या दुपारी, निहार बँकेत असताना, एक महिला पोलीस सोबत घेऊन संजना तिथे जाणार. तिच्याकडे अजून घराची किल्ली आहे.

आणि तिचा फोन इथेच राहणार, आमच्या वायफायवर. त्याला दिसत राहील की ती घरीच आहे. हे संजनाचंच डोकं. मी फोनवर गाणी लावून बसायचं, बाकी काही करायचं नाही.

२४ जानेवारी

आजच लिहायला हवं.

संजना अकराच्या सुमारास गेली, माझा पंजाबी ड्रेस घालून, तोंडाला ओढणी बांधून. मी तिचा फोन घेऊन हॉलमध्ये बसले. गाणी लावली. मग वाटलं, नुसती गाणीच वाजत राहिली तर त्याला संशय येईल. माणूस फोनवर काहीतरी बघतो. म्हणून मी पुण्याच्या बसची साइट उघडली. ती शेजारणीला पुण्याचं सांगून आलीच होती, म्हटलं त्याला तेच पटेल. दोनतीनदा उघडली.

हे संजनाला सांगितलेलं नाही.

जेवायला ताट वाढून घेतलं आणि बेल वाजली. सेफ्टी डोअरच्या जाळीतून निहार दिसला. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात बँकेचं ओळखपत्र.

“ताई, जय भीम. दार उघडा ना.”

“संजना घरी नाही.”

तो हसला. “ताई, खोटं तुम्हाला जमत नाही. आहे ती आत. पुण्याला निघालीये ना? मी सोडतो तिला. गाडी खाली आहे.”

माझ्या उजव्या हातात माझा फोन होता. जेवताना ऐकायला आणलेला. मी तो पाठीमागे धरला आणि अंगठ्याने चाचपडत रेकॉर्डिंग चालू केलं. चालू झालं की नाही कळत नव्हतं.

“पुण्याचं तुला कुणी सांगितलं?”

“मला माझ्या बायकोचं सगळं कळतं.”

“कसं कळतं, निहार?”

“ताई, फोन तिचा आत आहे. आत्ता, या मिनिटाला चालू आहे. बस शोधतेय ती. मला दिसतं सगळं. तुमचं पण दिसतं. मी काही बोललो का कधी तुम्हाला? त्या डॉक्टरांचं?”

मी भिंतीला टेकले. तरी म्हटलं, “काय दिसतं? कुठे दिसतं?”

तेव्हा तो थांबला. माझ्या तोंडाकडे बघितलं, मग माझ्या पाठीमागे गेलेल्या हाताकडे. हसू असं पुसलं गेलं की तो दुसराच कुणी वाटला. त्याने दोन्ही हातांनी जाळी धरली आणि हलवली. वरच्या बिजागरीतून चुना खाली पडला.

“बाहेर काढ तिला. ए, ऐकू येतंय ना? काढ बाहेर!”

आजवर मला ‘अहो ताई’ म्हणणारा माणूस.

कडी टिकेल की नाही याकडेच माझं लक्ष. तेवढ्यात शेजारचं दार उघडलं. हेमाबेन. हाताला पीठ लागलेलं, फोन कानाला.

“ए भाई, हाथ नीचे. हाथ नीचे ले पहले. वॉचमन ऊपर आ रहा है, और मैं पुलिस से बात कर रही हूँ.”

“आंटी, फॅमिली मॅटर है.”

“तो फॅमिली के साथ आ. अकेला क्यों आया है?”

त्या तिथून हलल्या नाहीत. दार मागे उघडं टाकून पॅसेजमध्ये उभ्या राहिल्या, त्याच्यापासून चार हातांवर. खालून वॉचमनच्या चपलांचा आवाज आला. निहारने शर्टाच्या बाह्या सारख्या केल्या आणि लिफ्टकडे गेला.

मी सेफ्टी डोअर उघडलं. हेमाबेन म्हणाल्या, “पानी पी लो,” आणि आत गेल्या.

रेकॉर्डिंग झालं होतं. सगळं.

संजना चारच्या सुमारास आली. प्रमाणपत्रं छातीशी. तिला वाटतंय निहार इथे योगायोगाने आला. नेहा मॅडम म्हणाल्या, तो इकडे आला हे आपल्या पथ्यावरच पडलं. मी संजनासाठी ताट वाढायला घेतलं.

२५ जानेवारी

पोलीस ठाण्यात तक्रार दिली. फोटो, रेकॉर्डिंग, मेसेज सगळं. जबाब लिहून घेणाऱ्या मॅडमनी ॲपचा फोटो दोनदा मोठा करून बघितला. “राउटर तुमचा, बिल तुमचं, आणि मालक तो?”

लोकेश म्हणाला, “आम्हाला माहीतच नव्हतं.”

“कुणालाच नसतं,” त्या म्हणाल्या, आणि पुढचं पान घेतलं.

२८ जानेवारी

पोलिसांनी आता हरकत नाही म्हटल्यावर आज राउटर धुऊन काढला. हे काम मी अंगावर घेतलं. लोकेशला म्हटलं, तू राहू दे.

मागे एक बारीक भोक असतं. त्यात सेफ्टी पिन घालून दिवे विझून पुन्हा लागेपर्यंत दाबून धरायची. मग तो कोरा होतो, कुणाचाच राहत नाही. मग ॲप नव्याने, खातं माझ्या नावाने, माझ्या नंबरवर. राउटरच्या आतला पासवर्ड वेगळा आणि वायफायचा वेगळा असतो, हे मला आत्ता कळलं. आतला तर कारखान्यातून आला तसाच होता, ‘ॲडमिन’. दोन्ही लांबलचक ठेवले, नाव नाही, सन नाही. बाहेरून राउटर चालवायची सोय बंद केली. बटण दाबून पासवर्डशिवाय जोडायची सोय बंद. दोन वर्षांचं अपडेट राहिलं होतं, ते घातलं. त्यात म्हणे चोरवाटा बुजवलेल्या असतात. टीव्हीसाठी आणि येणाऱ्याजाणाऱ्यासाठी वेगळा पाहुण्यांचा वायफाय केला. सगळ्यांचे फोन आणि माझा लॅपटॉप तपासून घेतला.

पाहुण्यांच्या वायफायचा पासवर्ड हेमाबेनना द्यायला गेले. त्या म्हणाल्या, “हमने अपना लगवा लिया, संक्रांत के बाद.” रागाने नाही म्हणाल्या. चहाला बसवलं.

आता मालक मी. किती दिवसांनी नीट जेवण गेलं.

७ फेब्रुवारी

कोर्टाने निहारला संजनाजवळ फिरकायला, फोन-मेसेज करायला मनाई केली आहे. सध्यापुरती, पुढची तारीख आहे. बँकेतही चौकशी चालू झालीये म्हणे. आईचा फोन आला, रडली, मग म्हणाली, “मला आधी का नाही सांगितलंत गं पोरींनो?” संजनाने फोन माझ्याकडे दिला.

१५ फेब्रुवारी

संजनाला भाईंदर पश्चिमेला एका छोट्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये नोकरी लागली. ती पोचली की मेसेज करते. कधी विसरते. मग मी ॲप बघते, तिचा फोन घरातून गेला कधी ते कळतं, आणि आला की मला सूचना येते. त्याने जीवाला स्वस्थता मिळते.

२० फेब्रुवारी

आज संजना नेहमी ज्या वेळी येते त्या वेळी आली नाही. अंधार पडल्यावर आली. विचारलं तर म्हणाली, “काम होतं.” काय काम? निहारने पुन्हा गाठलं असेल आणि ही सांगत नसेल तर? साइटचा इतिहास ठेवायची सोय मी बंद केली होती. ती चालू केली. थोडे दिवस फक्त.

२६ फेब्रुवारी

ती भाड्याच्या खोल्यांची साइट बघतेय. रोज. मला एका शब्दाने बोलली नाही. इतकं करून हे. मला काय कमी पडलं तिच्यासाठी करायला?

२ मार्च

आज दुपारी जेवताना मी सहज म्हटलं, “एकट्या बाईला हल्ली भाड्याने खोली कोण देतं? सतरा प्रश्न विचारतात.”

संजनाचा घास हातातच राहिला. लोकेशने माझ्याकडे बघितलं.

“ताई, मी खोलीचं कुणाजवळ बोलले नाहीये.”

मी वरण वाढायला घेतलं. ती म्हणाली, “राहू दे वरण. फोन आण तुझा.”

“अगं, काळजीपोटी...”

“आण ना. मला बघायचंय काय काय दिसतं ते.”

मी आणला. तिने हातात घेतला नाही. “तू वाच. मोठ्याने.”

मला वाटलं, दाखवून टाकावं, लपवायचं काय त्यात? वाचायला लागले. खोल्यांची साइट. उत्तनच्या बसचं वेळापत्रक. गाण्यांची साइट. पुन्हा खोल्यांची. मग एक नाव आलं, रोज कामावरून आल्यावर, सुटीच्या दिवशी तर दोनदोनदा. मी वाचत गेले आणि मग ते नाव कशाचं आहे ते माझ्या लक्षात आलं. समुपदेशनाची संस्था. बायकांशी फोनवर, चॅटवर बोलतात, नाव न विचारता. दार लावून ती झोपते असं मी समजत होते.

माझा आवाज तिथे थांबला.

“वाच ना,” ती म्हणाली.

मी फोन ताटाशेजारी पालथा ठेवला. लोकेश हळूच म्हणाला, “माझा फोन पण आहे ना त्या यादीत?”

कुणी पुढे जेवलं नाही. संजनाने तिघांची ताटं उचलली आणि घासायला बसली. नळ बराच वेळ चालू होता.

३ मार्च

दिवसभर तिच्यावर राग. इतके दिवस जिच्यासाठी मी झोपले नाही, तिने एका परक्या बाईला सगळं सांगावं? संध्याकाळपर्यंत राग पुरला नाही.

इतिहास बंद केला. सूचना बंद केल्या. लोकेशला समोर बसवून केल्या, आणि त्याला मालक करून मी सदस्य झाले. तो म्हणाला, “मला नको मालकी.” मग खात्यात दोघांचीही नावं टाकली.

संजनाला पुण्याच्या बसचंही सांगितलं. ती ऐकत होती. म्हणाली, “मला वाटलंच होतं.” आणखी काही नाही.

१० मार्च

ती बोलते, पण कामापुरतं. फोन वायफायला जोडत नाही, स्वतःचा रिचार्ज मारते.

२३ मार्च

आज रविवार. संजना उत्तनला राहायला गेली. आम्ही तिघं टेम्पोतून सामान घेऊन गेलो. गादी, गॅस, दोन पातेली, आईने पाठवलेली घोंगडी. घरमालकीण सरूबाई, कोळीण, ओसरीवर बोंबील निवडत बसलेली. मी काहीबाही विचारत होते, गल्लीत रात्री दिवा असतो का, दाराला आडणा आहे का. ती संजनाकडे बघून म्हणाली, “गल्लीन नवीन मानूस शिरला का पयलं मना कलतं, घाबरू नको. पन तू कवा येतस, कवा जातस, ते मी इचारनार न्हाय.”

संजना हसली.

तिने स्वतःचं कनेक्शन घेतलंय. राउटर डब्यातच होता. म्हणाली, “ताई, तुला सगळ्या पायऱ्या पाठ आहेत. सांग, मी करते.” कित्येक आठवड्यांनी तिने माझ्याकडे काही मागितलं होतं. मी तिच्या शेजारी नव्या फरशीवर बसले आणि सांगत गेले. खातं तुझ्या नावाने. आधी आतला पासवर्ड बदल. बाहेरून चालवायची सोय बंद कर. ते बटणाचं बंद. अपडेट घाल. ती करत गेली. लोकेश खाली टेम्पोवाल्याचा हिशोब करत होता.

मग वायफायच्या पासवर्डचा चौकोन आला. तिचा अंगठा स्क्रीनवर थांबला. तिने माझ्याकडे बघितलं.

“ताई, जरा तिकडे तोंड कर ना.”

मी खिडकीकडे तोंड केलं. बाहेर बांबूंच्या वलांडीवर बोंबील वाळत होते, पलीकडे दोन होड्या वाळूवर ओढून ठेवलेल्या. माझ्यामागे तिच्या नखांचा काचेवर टकटक आवाज येत होता. बराच वेळ. खूप लांब पासवर्ड असणार.

ती “झालं” म्हणेपर्यंत मी वळले नाही.